अम्ब्रेला पॉलिसी (घर-गाडीच्या विम्याच्या वरचा जादा विमा) घ्यावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला असतो. लेकाला १७ पूर्ण झाली, लायसन्स आलं आणि परवा गाडी मागे घेताना त्याने स्वतःच्याच घराचा मेलबॉक्स आडवा केला. तेव्हापासून माझी झोप उडालीय.

एजंट म्हणतो, १० लाख डॉलरची अम्ब्रेला घ्या. पण आधी गाडीची लायबिलिटी (आपल्या चुकीने दुसऱ्याला इजा झाली तर विमा कंपनी भरते ती रक्कम) माणशी अडीच लाख, अपघातामागे पाच लाखांवर न्या. म्हणजे हप्ता दोन्हीकडून वाढणार! आमचे हे म्हणतात, "आपला पैसा सगळा ४०१-केमध्ये (नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यात), कोणी दावा लावला तरी त्याला कोण हात लावतंय?" अहो, पण घर? पुढचा पगार?

कोणी घेतलीय का? घर आणि गाडीच्याच कंपनीकडून की बाहेरून? पोरगा कॉलेजला दुसऱ्या राज्यात गेला तरी त्यात धरतात का?