सीपीआर कधी द्यावा, कसा द्यावा : आपले अनुभव लिहा

सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून, जमल्यास तोंडाने श्वासही देऊन, रक्ताभिसरण चालू ठेवणे. छाती दाबण्याची रीत थोड्या वेळात शिकता येते. पण समोर माणूस कोसळल्यावर ती वापरायची की नाही, हे ठरवताना हात थबकतात. ज्या नागपूरकरांवर अशी वेळ आली, त्यांनी नेमके काय पाहिले आणि काय केले, ते कृपया लिहावे. सुरुवात मी करतो.

त्रिमूर्तीनगर
रात्री जेवण झाल्यावर बाबा पलंगावर कोसळले. घोरल्यासारखा, थांबून थांबून श्वास येत होता, म्हणून श्वास चालू आहे असे समजून मी तोंडावर पाणी शिंपडत आणि तळपाय चोळत राहिलो. आईने १०८ ला फोन लावला. शेजारच्या काकू परिचारिका आहेत, त्या आल्या आणि पाहताक्षणीच म्हणाल्या, "अरे, हा श्वास नाही, हे आचके आहेत. बाबांना आधी खाली जमिनीवर घे." रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांनी छाती दाबणे थांबवले नाही. बाबा वाचले नाहीत. हाक मारून, खांदे हलवूनही प्रतिसाद नाही आणि दहा सेकंदांत नेहमीसारखा श्वास दिसत नाही, एवढ्यावरून सुरुवात करायची असते, आपण नाडी शोधत बसायचे नसते, हे मला पुढे प्रशिक्षणात कळले. आचके म्हणजे श्वास नव्हे, हे प्रत्येक घरात माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

प्रतापनगर, शिक्षिका
पुतळ्यावर सराव करेपर्यंत पाच-सहा सेंटिमीटर म्हणजे किती खोल, याची मला कल्पनाच नव्हती. कोपर ताठ ठेवून, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच टेकवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचे आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत माझे हात भरून आले. म्हणूनच तेवढ्या वेळाने माणूस बदलावा असे शिकवतात. खऱ्या माणसाची बरगडी मोडली तर काय करायचे, असे मी विचारले, तेव्हा तरीही थांबायचे नाही असे उत्तर मिळाले.

सीताबर्डी, दुकानदार
मे महिन्यात दुकानासमोर एक गृहस्थ चक्कर येऊन पडले. कोणी कांदा हुंगवू लागले, एका तरुणाने छाती दाबायला घेतली. तोच त्यांनी कण्हत त्याचा हात झटकला. श्वास व्यवस्थित चालू होता. सावलीत कुशीवर वळवून, अंगावर ओली फडकी टाकून आम्ही त्यांना दवाखान्यात पोहोचवले. त्या तरुणाचे चुकले, तरी तो पुढे आला याचे मला मोल वाटते.

कन्हान
नदीतून काढलेल्या मुलाला पालथे करून पोटातील पाणी काढण्यात लोक वेळ घालवत होते. बुडालेल्याला हवेची गरज आधी असते, म्हणून प्रशिक्षण घेतलेल्या माझ्या भावाने प्रथम तोंडाने श्वास दिले आणि मग तीस दाब, दोन श्वास असा क्रम धरला. काही वेळाने मुलगा खोकला.