म्हाताऱ्या नाखव्याची आठवण पुरावा म्हणून धरायची का?

खाडीकाठ:
सध्या डॅनिएल पॉली वाचतोय. मत्स्यशास्त्रातला बाप माणूस, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा. 1995 साली त्यांनी जेमतेम पानभराचं टिपण लिहिलं. प्रत्येक पिढीचा शास्त्रज्ञ स्वतः कामाला लागला तेव्हाचा समुद्र 'मूळचा' धरतो आणि घट तिथून मोजतो. त्याआधी काय गेलं ते हिशेबातच येत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून जुन्या लोकांच्या आठवणीही पुराव्यात घ्या.

2005 मध्ये मेक्सिकोत, कॅलिफोर्नियाच्या आखातात, तीन पिढ्यांच्या 108 मच्छीमारांना विचारून एक अभ्यास छापून आला. कमी झालेल्या माशांची नावं म्हाताऱ्यांनी तरुणांच्या पाचपट सांगितली. जो मासा पाहिलाच नाही तो गेल्याचं तरुणांना वाटणार तरी कसं?

आपल्याकडे महाराष्ट्रात 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि 54 जातींची पकडायची किमान लांबी ठरली. पापलेटची 135 मिमी, म्हणजे माझ्या पंजापेक्षा लहान. हे ठरवताना सत्तरीतल्या एखाद्या नाखव्याला 'तुमच्या वेळी केवढा यायचा' असं विचारायला काय हरकत होती?

आकडेमोड:
हरकत आहे. माणूस आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा सांगतो, रिकामी होडी घेऊन आलेले दिवस सांगत नाही. पॉलींबद्दल आदर आहे, पण त्यांचे आकडेही वादातीत नाहीत. 2016 मध्ये त्यांनी जगाची 1996 सालची मासेमारी 13 कोटी टन काढली. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीत 8.6 कोटी होती. मधली तफावत अंदाजाने भरलेली, आणि रे हिलबॉर्नसारख्या मत्स्यशास्त्रज्ञांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतले. केरळातल्या कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था वर्षानुवर्षं बंदराबंदरांवर नमुने घेते. ते सोडून ओट्यावरच्या गप्पा कशाला?

खाडीकाठ:
फोटो चालतील? फ्लोरिडातल्या की वेस्टला हौशी लोक गळाने पकडलेला मासा टांगून फोटो काढतात. 1956 ते 2007 चे फोटो मोजले, तर सरासरी मासा 19.9 किलोवरून 2.3 किलोवर आलेला. सहलीचा दर मात्र, महागाई धरून, तेवढाच. चेहऱ्यावरचं हसूही तेवढंच!

आकडेमोड:
फोटो मोजता येतो, म्हणून चालेल. आठवण मोजायला पट्टी आणू कुठून?

डोलीवाला:
दोघंही किनाऱ्यावरून बोलताय. पालघरकडच्या सातपाटीच्या म्हाताऱ्याला विचारा, तो म्हणेल वसई-उत्तनवाल्यांनी समुद्रात कवी (डोल जाळी बांधायचे खुंट) मारून मारून पापलेटची पिल्लं संपवली. आमच्या म्हाताऱ्याला विचारा, तो ट्रॉलर आणि पर्ससीनवाल्यांना (माशांच्या थव्याला जाळ्याने घेरून उचलणाऱ्यांना) शिव्या घालेल. कायद्यात कोणाची आठवण लिहिणार?

आणि त्या 135 मिमीचं ऐका. डोल म्हणजे आमचं पिशवीसारखं जाळं, ते भरतीओहोटीच्या पाण्यावर चालतं. टोकाची पिशवी होडीत उपसली की बोंबील, जवळा, मांदेली, पिल्लं सगळं एकत्र, बहुतेक मेलेलं. मेलेलं पिल्लू परत टाकून समुद्राचं काय भलं होणार? नियम जाळ्याच्या आसाला, म्हणजे भोकांच्या मापाला लावा, माशाला पट्टी लावून काय होणार? पर्ससीन जानेवारी ते मे बंद, असा 2016 चा आदेश आहे. एलईडी दिवे लावून मासे पकडायलाही बंदी आहे. तरी रात्री पाण्यावर उजेड दिसतोच.

पणजीवाला:
गोव्यात सत्तरच्या दशकात रांपणकार (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार) घसा फोडून सांगत होते, ट्रॉलर किनाऱ्यापासून लांब ठेवा. 'अडाण्यांची ओरड' म्हणून उडवून लावणारेही होते. मग 1980 चा गोव्याचा कायदा आला, पाठोपाठ 1981 चा महाराष्ट्राचा. आकड्यांची वाट बघत बसले असते तर?

आकडेमोड:
पणजीवाले, रांपणकार समोर दिसत होतं ते सांगत होते. चाळीस वर्षांपूर्वीचं आठवून नव्हे. गल्लत करू नका. डोलीवाल्यांचं मात्र पटलं, आसाचा मुद्दा खरा.

खाडीकाठ:
मग बंदरावरच्या आकड्यांचंही बोलू. भारताच्या 1950 ते 2000 मधल्या मासेमारीवर भठ्ठल आणि पॉली यांचा 2008 चा निबंध आहे. होड्या दूर दूर जात राहिल्या, त्यामुळे जवळच्या पाण्यातली घट एकूण आकड्यांत झाकली गेली, असं त्यात निघालं. धक्क्यावर किती टन उतरले हे कळतं, पण त्यासाठी होडी कुठवर गेली ते त्या टनांत दिसत नाही. नाखव्याला ते पाठ असतं. 'मासा केवढा होता' यावर तो फुगवून सांगेल, मान्य. पण पूर्वी किती वाव (खोलीचं माप) पाण्यात जाळं टाकायचात आणि आता किती, यात फुशारकीला जागा कुठे? उलट लांब जावं लागतं हे कबूल करायला लाजच वाटते.

आकडेमोड:
हं. हे विचारण्यासारखं आहे. जोडीला मच्छीमार सोसायटीच्या जुन्या डिझेलच्या पावत्या मिळाल्या तर मी स्वतः तक्ता करून देतो. नुसत्या आठवणीवर अजूनही सही करणार नाही.

डोलीवाला:
पावत्या शोधाव्या लागतील, वाळवी लागली नसेल तर. विचारायला यायचं असेल तर भांगाला, म्हणजे भरतीओहोटीचा जोर कमी असतो त्या दिवसांत या. उधाणाला सगळे पाण्यात असतात, घरी कोणी भेटणार नाही.