रानभाज्या खुडताना पुन्हा लहान झालात का? अनुभव लिहा

शेवळं, टाकळा, फोडशी, भारंगी, करटोली. हल्ली बाजारात वाटे मिळतात, ऑगस्टात कृषी खात्याचे रानभाजी महोत्सवही भरतात. पण हा धागा विकत आणलेल्या भाजीचा नाही. रानात, बांधावर किंवा परसात स्वतः जाऊन खुडलीत, शिजवलीत आणि त्या नादात वय विसरलात, असं काही असेल तर लिहा. पाककृती चालेल, पण नुसतं 'चवीपुरतं मीठ' नको.

सुरुवात मीच करते. टाकळा खुडायला आम्ही मायलेक मुद्दाम तिन्हीसांजेला जातो. दिवसा तो इतर झुडपांत मिसळून जातो, पण अंधारू लागलं की त्याची पानं जोडीजोडीनं मिटतात. 'हा झोपला, तो झोपला' करत कोण जास्त ओळखतो याची शर्यत लागते. लेक रडीचा डाव खेळतो, मीही खेळते. फुलं यायच्या आधीची कोवळी पानंच घ्यायची, नंतर चरबट लागतात. लसणाची सढळ फोडणी, ठेचलेल्या आठळ्या, वरून ओलं खोबरं. भाकरी हवीच.

* * *

आमच्याकडे ठाणे जिल्ह्यात जून म्हणजे शेवळं. पान नंतर येतं. आधी ओल्या पाचोळ्यातून नुसता जांभळट-तपकिरी कोंब डोकं काढतो. सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या, एरवी गुडघ्यांची तक्रार. पण शेवळं दिसलं की काठीनं टोचून 'धप्पा!' म्हणून ओरडतात. आता आम्ही सगळेच ओरडतो. पहिल्यांदा माझे यजमान लाजले होते, परवा त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा.

घरी आल्यावर मात्र खेळ संपतो. शेवळ्याला खाज असते, घसा धरतो. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरून तेलावर नीट परतायचं आणि काकडं (ही आंबट रानफळं) ठेचून त्यांचा रस घालायचा. काकडं मिळाली नाहीत तर आमच्याकडे त्या दिवशी शेवळं शिजत नाहीत. कोळंबी घालणारे घालतात, मी वाल घालते.

* * *

भारंगी. उकडा, पाणी पिळून टाका, पावटे घाला. तरी कडूच लागते. मुलांनी तोंडं वाकडी केली, मला आवडली. खेळ वगैरे काही झाला नाही, पण लिहा म्हणालात म्हणून लिहिलं.

* * *

वरच्या ताई, खेळ हवा तर आंबुशी आणा! कुंड्यांतसुद्धा उगवते. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की बिया ताडकन उडतात. निवृत्तीनंतर नातवासोबत बसून दोघं एकमेकांच्या गालावर नेम धरतो. शाळेत असताना तिचा पाला चोळून तांब्याची नाणी चकचकीत करायचो. नाणी गेली, म्हणून आता देवघरातला तांब्या घासतो. सौ. खूश. उरलेल्या पाल्याची हिरवी मिरची, गूळ आणि शेंगदाण्याचं कूट घालून चटणी. मुतखड्याचा त्रास असेल तर बेतानं खा, आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा आहे.

* * *

सगळ्यांचं वाचतोय, मजा वाटली. थोडं वेगळं लिहितो. आमच्या पाड्यावर ही हौस नव्हती. आषाढात कणगी रिकामी व्हायची, तेव्हा रानच खायला घालायचं. आई कडूकंद आणायची. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, उकडायच्या, मग टोपलीत घालून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या. तसं केलं नाही तर तो बाधतो. पाण्याला जोर असला की टोपली वाहून जाईल म्हणून संध्याकाळपर्यंत आम्हा पोरांना राखणीला बसवायचे. आम्ही कसली राखण करतोय! दगडमातीचा बांध घालायचा, पाणी तुंबवायचं, फोडायचं, दगडाखाली हात घालून खेकडे धरायचे. चिमटा बसला की रडायचं नाही, हा नियम. पोटात भूक असायची आणि तरी हसून हसून दुखायचं. दोन्ही खरं आहे.

एक विनंती. फोडशी मुळासकट उपटू नका, वरची पात कापा. सगळीच नेलीत तर पुढच्या वर्षी तिथे काही दिसणार नाही. आणि पाड्यावरच्या बायका वाटे विकायला बसतात, त्यांच्याशी घासाघीस करू नका.

* * *

वरचा प्रतिसाद वाचून थांबले थोडी. फोडशीची पात आता सुरीनंच कापीन. चिखलात घसरून बसले होते तो किस्सा लिहिणार होते, नंतर कधीतरी.

* * *

अळंबीचा फोटो टाकला तर कुणी ओळखून सांगेल का?

* * *

धागाकर्ती : नाही. अळंबीच काय, कुठलीच भाजी फोटोवरून खायची नाही. जाणत्या माणसानं रानात उभं राहून दाखवली तरच. नाल्याकाठची, फवारणी झालेल्या शेताजवळचीही नको.

* * *

मग भाजीचंच विचारतो. कुंपणावर करटोलीचा वेल पसरलाय, पिवळी फुलं भरपूर, फळ एकही नाही. मुलगी रोज सकाळी भिंग घेऊन तपासणी करते आणि मला अहवाल देते.

* * *

तुमच्या भिंगवाल्या छोट्या साहेबांना सांगा, फुलाच्या मागे बारीक काटेरी गोळी दिसते का ते बघा. नसेल तर नर वेल आहे. करटोलीत नर-मादी वेल वेगळे असतात. शेजारी मादी वेलाचा कंद लावा, तपासणी चालू ठेवा.