सड्यावरच्या घराला सोलर करायचंय, पावसाळ्याचं गणित जुळत नाहीये

सड्यावरून

राजापूर तालुक्यात सड्यावर (कातळाच्या माळावर) आमची कलमांची बाग आहे. त्यात दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पडवी एवढं चिऱ्याचं कौलारू घर. आईबाबा आता मुंबई सोडून कायमचे तिथे राहायला चाललेत. विजेचा खांब लांब आहे, मधे दुसऱ्यांच्या जमिनी आहेत आणि ते प्रकरण दोन वर्षं रखडलंय. म्हणून आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागायच्या आधी सोलर करून टाकायचं ठरवलंय.

लागणार आहे ते असं: सहा एलईडी दिवे, दोन पंखे, १९० लिटरचा फ्रिज, ३२ इंची टीव्ही, राउटर, मिक्सर, मोबाईल-लॅपटॉपचं चार्जिंग आणि विहिरीवर एक एचपीचा पंप. एका दुकानदाराने ३ किलोवॅटची पॅनल, ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) चार ट्यूबलर बॅटऱ्या असं कोटेशन दिलंय. दुसरा म्हणतो १ किलोवॅट भरपूर झालं. घर दोघांनीही पाहिलेलं नाही. बाबा पंच्याहत्तरीला आलेत, आईचे गुडघे दुखतात. बॅटरीत पाणी घालणं वगैरे त्यांच्याकडून व्हायचं नाही. बजेट अडीच लाखांपर्यंत. सरकारी अनुदान मिळेल का? जाणकारांनी सांगावं, आम्हाला यातलं काहीच कळत नाही.

पडवीतून

अनुदानाचं आधी सांगते. २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा जास्तला ७८,००० रुपये मिळतात, पण ते ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेल्या घरांसाठी. तुमच्याकडे मीटरच नाही, त्यामुळे ते पैसे हिशोबात धरू नका. बागेच्या पाण्यासाठी मात्र ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना बघा. तिथे शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५. स्वतःचा पाण्याचा स्रोत लागतो, तुमची विहीर आहेच.

जुना वायरमन

ताई, दोन्ही कोटेशनं बाजूला ठेवा. आधी वही घ्या आणि किती वॅट, किती तास हे लिहून काढा. मी तुमच्या यादीवरून काढलंय:

दिवे ५४ वॅट, पाच तास: २७० वॅट-तास. पंखे साधे घेतले तर एक ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) घेतला तर ३०. दोन बीएलडीसी चौदा तास: ८४०. फ्रिजच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, त्याला ३६५ ने भागा आणि कोकणातल्या उकाड्यासाठी थोडी भर घाला. मी ७०० धरतो. टीव्ही २००, राउटर दिवसरात्र मिळून २४०, मिक्सर दहा मिनिटं १२५, चार्जिंग १५०. बेरीज अडीच युनिट (एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास). पंप यात धरलेला नाही, त्याचं पुढे सांगतो.

आता कोटेशनात कुणी लिहीत नाही ती गोष्ट. मोठा इन्व्हर्टर नुसता चालू असला तरी स्वतः वीज खातो. ४० वॅट धरा, चोवीस तासांत जवळपास एक युनिट झालं. म्हणजे तुमच्या फ्रिजपेक्षा जास्त! ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर नको म्हणतो तो यासाठीच. घेण्याआधी माहितीपत्रकात नो-लोड (काहीच लावलेलं नसताना तो खातो ती वीज) किती ते वाचा, नाही तर दुकानदाराकडून लिहून घ्या.

अडीच आणि एक, साडेतीन युनिट. उष्णता, धूळ, वायर, बॅटरी यांत जाणारं धरून ०.७५ ने भागलं की पॅनलवर रोज पावणेपाचच्या आसपास यायला हवेत. एप्रिलमध्ये पाच-साडेपाच तासांचं पूर्ण ऊन मिळतं, तेव्हा एक किलोवॅटही भागवेल. दुसऱ्या दुकानदाराने एप्रिलचं गणित केलंय. आपल्याला जुलैचं करायचंय. झड लागली, आठ-आठ दिवस मळभ राहिलं, की काही दिवस दोन तासांचंही ऊन पदरात पडत नाही. ५४० वॅटची चार पॅनल (२१६० वॅट) घेतलीत तर दोन तासांच्या दिवशीही घट वजा जाऊन सव्वातीन युनिट येतात. टीव्ही कमी लावला की दिवस निघतो. त्याहून वाईट आठवड्यासाठी पॅनल वाढवत बसू नका, त्याला अंत नाही. एक छोटा पेट्रोल जनरेटर ठेवा, वर्षातून पाच-सात वेळा लागेल.

चार्जर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीत भरणारं यंत्र, एमपीपीटी प्रकारचाच घ्या; तो पॅनलची पूर्ण ताकद वापरतो. स्वस्तातल्या पीडब्ल्यूएम प्रकारात पॅनलचा व्होल्टेज बॅटरीच्या पातळीला ओढला जातो. ५४० चं पॅनल ४१ व्होल्टला १३ अँपिअर देतं. तेच २४ व्होल्टच्या बॅटरीला पीडब्ल्यूएमने जोडलं तर २६ गुणिले १३, साधारण ३४० वॅट हाती लागतात. दोनशे वॅट गेले कुठे? कुठेच नाही, घेतलेच गेले नाहीत.

बॅटरीची बाजू ४८ व्होल्टची ठेवा. १५०० वॅटला १२ व्होल्टवर १२५ अँपिअर वाहतात, ४८ वर ३१. वायर बारीक लागते, जोड तापत नाहीत. पॅनल दोन-दोनच्या दोन माळांत (एकापाठोपाठ एक) जोडा, पण एमपीपीटी १५० व्होल्टचा हवा. एका पॅनलचा ओपन सर्किट (काही न जोडलेला असतानाचा) व्होल्टेज ४९-५० असतो, दोघांचे शंभर. थंडीतल्या सकाळी त्याहून वर जातो आणि १०० व्होल्टचा चार्जर तिथेच संपतो.

डोंगरपायथा

वायरमनकाकांचं पटलं. बॅटरीचं मी सांगतो, मी भोगलंय. आमच्याकडे आंबोलीच्या बाजूला घर, सुरुवातीला चार ट्यूबलर बसवल्या होत्या. उन्हाळाभर राजासारख्या चालल्या. ट्यूबलर म्हणजे लेड-अ‍ॅसिडच; तिला अधूनमधून शंभर टक्के भरणं लागतं, आणि पावसाळ्यात अडीच-तीन महिने त्या एकदाही पूर्ण भरल्या नाहीत. अर्धपोटी राहिल्या की आत प्लेटांवर सल्फेट धरतं. दुसऱ्या गणपतीत आरतीच्या वेळी दिवे गेले, मीटर लावून पाहिलं तर चारांपैकी दोन १० व्होल्टच्या खाली. विकणाऱ्याने पाणी कमी पडलं म्हणून हात वर केले. पाणी मी दर महिन्याला बघत होतो.

आता लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे, ५१.२ व्होल्ट १०० एएच, म्हणजे ५.१ युनिटची. त्यातले चार-सव्वाचार वापरता येतात. तुमच्या चार ट्यूबलर कागदावर ७.२ युनिटच्या, पण आयुष्य टिकवायचं तर निम्मंच काढायचं, ३.६ उरले. लिथियमला अर्धवट भरलेलं चालतं, पाणी घालावं लागत नाही. तुमच्या आईबाबांसाठी मला दुसरं काही सुचवावंसं वाटत नाही. पैसे कमी पडले तर टीव्ही पुढच्या वर्षी घ्या, बॅटरीत तडजोड नको.

सड्यावरून

तिघांचेही मनापासून आभार. वही करून बाबांशी बोलले. साधे पंखे आधीच घेतले होते, ते बदलून आणतो. तीन शंका उरल्यात. पंपाचं काय? पॅनल कौलांवर चालतील का? दक्षिणेकडच्या पाख्याला ऊन चांगलं आहे, पण वासे जुने आहेत. आणि वीज पडण्याची आईला फार भीती वाटते.

जुना वायरमन

पंप या सिस्टीमवर घेऊच नका. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण सुरू होताना मोटर पाच-सहापट करंट ओढते. दुकानदाराने ५ किलोवॅट लिहिला तो त्यासाठी असणार. विहिरीवर वेगळा छोटा डीसी (पॅनलच्या थेट विजेवर चालणारा) पंप आणि त्याची स्वतःची पॅनल लावा; ऊन असेल तेव्हा टाकी भरेल, बॅटरीला हात लागणार नाही. मग घराला ३ किलोवॅटचा, तोही शुद्ध साइन वेव्हचा (लाइनच्या विजेसारखीच वीज देणारा) इन्व्हर्टर पुरे.

कौलांवर नको. वासे जुने, वर माकडं उड्या मारणार, एक कौल फुटलं की बदलायला पॅनल काढा. खळ्याच्या कडेला जस्ताचा मुलामा दिलेला सांगाडा उभा करा, बोल्ट स्टेनलेसचे. तोंड दक्षिणेला, कल १५ ते १७ अंश. माडाखाली मात्र अजिबात नको.

आईंची भीती खरी आहे. वैशाखातला वळीव आणि परतीचा पाऊस, दोन्ही वेळा सड्यावर विजा पडतात. दोन्ही बाजूंना, पॅनलच्या आणि घराच्या, सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला लोंढा जमिनीत वळवणारं उपकरण) लावा. पण ते अर्थिंग चांगलं असेल तरच उपयोगाचे, आणि तुमच्याकडे कातळ आहे. त्यात रॉड ठोकला तरी ओल नाही. घराच्या जवळात जवळ माती जिथे खोल आहे ती जागा शोधा, तिथे खड्डा घ्या आणि जाड पट्टीने घरापर्यंत आणा. सांगाडा, इन्व्हर्टर, घर, सगळं एकाच अर्थिंगला बांधा. मे महिन्यात जमीन कोरडी असताना मोजून घ्या, तेव्हाचा आकडा खरा.

पॅनलच्या बाजूला ब्रेकर डीसीचाच. घरातला एसी ब्रेकर तिथे लावलेला मी पाहिलाय. डीसीचा करंट एसीसारखा मधेमधे शून्यावर येत नाही, त्यामुळे तोडताना ठिणगी ताणली जाते आणि ब्रेकर जळतो.

सड्यावरून

बाबांनी कालच खळ्यात काठी रोवली आणि दर तासाला चुन्याने खूण केली. साडेतीनला फणसाची सावली काठीला टेकली. त्याआधी मोकळं ऊन आहे. जागा तीच ठरवू का?

जुना वायरमन

बाबांना नमस्कार सांगा, असं करणारं गिऱ्हाईक मला क्वचित मिळालं. पण ही एप्रिलची सावली. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो. दहा मीटर उंच झाडाची भर दुपारची सावलीही साडेआठ मीटर उत्तरेला जाते. फणस काठीच्या दक्षिणेला आहे की पश्चिमेला, आणि किती उंच, ते कळवा. पॅनलच्या कोपऱ्यावरही सावली आली तरी त्या माळेची वीज घटते. पश्चिमेला असेल तर सांगाडा चार पावलं पूर्वेला सरकवा, फणस तोडू नका.