मदत हवी आहे: इन्क्रिमेंटल लोडमध्ये चलनं गळतायत, एरर मात्र नाही

मरोळनाका · रात्री १:१२
तातडीने मदत हवी आहे. रोज रात्री १२ वाजता सोर्समधून (मूळ डेटाबेसमधून) वेअरहाऊसमध्ये (रिपोर्टसाठीच्या वेगळ्या साठ्यात) इन्क्रिमेंटल एक्स्ट्रॅक्शन चालतं, म्हणजे फक्त बदललेल्या ओळी उचलल्या जातात. मागच्या खेपेचा सर्वांत मोठा 'अपडेटेड_अ‍ॅट' (ओळ शेवटची बदलल्याची वेळ) वॉटरमार्क, म्हणजे खूण, म्हणून जपून ठेवायचा आणि पुढच्या खेपेला त्याच्यानंतरच्या ओळी उचलायच्या, एवढंच. भिवंडीच्या गोदामातून फोनवर फोन येतायत की चलनांचा आकडा रिपोर्टशी जुळत नाही. काल २१४ चलनं कमी भरली. जॉब हिरवा, लॉग स्वच्छ. फुल लोड केला की सगळं बरोबर येतं, पण त्याला चार तास लागतात. सकाळी १० ला अकाउंट्सवाल्यांपुढे उभं राहायचं आहे. काय चुकतंय?

घाटकोपरी · रात्री १:२०
डेटाबेस कुठला? ओरॅकल, मायएसक्यूएल, आणखी काही? 'अपडेटेड_अ‍ॅट' कोण भरतं, अ‍ॅप की ट्रिगर (ओळ बदलली की डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड)? हे सांगितल्याशिवाय कोणीही अंदाजच बांधणार.

साडेपाच_तास · रात्री १:२४
अंदाजाची गरजच नाही. टाइमझोन. सोर्स यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), जॉब भारतीय वेळेत, मधले साडेपाच तास गायब. माझे दोन प्रोजेक्ट यातच अडकले होते. मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्प हा प्रकार सेशनच्या झोनप्रमाणे बदलून दिसतो, डेटटाइम बदलत नाही. आधी ते तपासा.

मरोळनाका · रात्री १:३१
पोस्टग्रेस आहे. कॉलम टाइमझोनसकट आहे, भरतो ट्रिगर, त्यात नाऊ() आहे. झोन मी पहिल्याच दिवशी तपासला.

घाटकोपरी · रात्री १:३३
रोज गळतात की ठरावीक दिवशी?

लॉगवाचक · रात्री १:३८
दादा, वॉटरमार्कच्या नादी लागूच नका. सीडीसी घ्या, म्हणजे डेटाबेसमधला प्रत्येक बदल टिपायची पद्धत. डेबेझियम हे त्याचं टूल लावा, वॉलमधून (पोस्टग्रेसच्या बदलांच्या नोंदवहीतून) प्रत्येक बदल वाचा. डिलीटसुद्धा मिळतात, जे तुमच्या पद्धतीत कधीच मिळणार नाहीत. आम्ही दोन वर्षं चालवतोय.

जुनाडीबीए · रात्री १:४६
लॉगवाचक, अर्धीच गोष्ट सांगू नका. वॉल वाचणारा थांबला तर रेप्लिकेशन स्लॉट (वाचणारा कुठवर आला त्याची सर्व्हरवरची खूण) जुना वॉल सोडत नाही आणि मूळ सर्व्हरची डिस्क भरत जाते. आमच्याकडे जोडून आलेल्या सुट्टीत कनेक्टर बंद पडला, कोणाचं लक्ष नव्हतं, मंगळवारी सकाळी प्रॉडक्शनच उभं राहीना. ज्यांना सकाळी १० ला उत्तर द्यायचं आहे त्यांना रात्री पावणेदोनला सीडीसी बसवायला सांगणं बरं नव्हे.

लॉगवाचक · रात्री १:५०
स्लॉट किती वॉल धरून ठेवेल याची मर्यादा पोस्टग्रेस १३ पासून घालता येते. तुम्ही घातली नसेल तर तो सीडीसीचा दोष नाही.

जुनाडीबीए · रात्री १:५५
मर्यादा ओलांडली की स्लॉटच निकामी होतो, मग पुन्हा पहिल्यापासून स्नॅपशॉट (टेबलांची अख्खी प्रत). तेही सांगा.

नवखा_पनवेल · रात्री १:५७
मला डेटा इंजिनिअर व्हायचं आहे, सध्या एक्सेलवर एमआयएस करतो. आधी पायथन शिकू की एसक्यूएल? क्लास लावावा का?

मरोळनाका · रात्री २:०४
दादा नाही, ताई. असो. रोज नाही गळत. १५ तारखेला आणि महिनाअखेरीला गळतात, मध्ये दोन-दोन आठवडे एकही नाही. त्या दिवशी ट्रान्सपोर्टरांची बिलं निघतात. गळलेल्या पाच ओळींचा अपडेटेड_अ‍ॅट बघा:

२३:२०:०४.७१३२८५
२३:२०:०४.७१३२८५
२३:२०:०४.७१३२८५
२३:२०:०४.७१३२८५
२३:२०:०४.७१३२८५

बाकीच्या २०९ चीही तीच वेळ आहे. त्या रात्रीचा वॉटरमार्क होता २३:५९:५१.

साडेपाच_तास · रात्री २:०९
मग टाइमझोन नाही, माझा अंदाज मागे घेतो. झोनची चूक असती तर रोज गळती झाली असती.

जुनाडीबीए · रात्री २:१४
ताई, उत्तर तुमच्या त्या पाच ओळींतच आहे. २१४ ओळी मायक्रोसेकंदापर्यंत एकाच वेळेला बदलत नसतात. पोस्टग्रेसचं नाऊ() म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांचा गट) सुरू झाल्याची वेळ. ट्रान्झॅक्शन तासभर चालू राहिलं तरी ते पहिल्या क्षणाचीच वेळ देतं. २३:२० ला तुमच्याकडे काय सुरू होतं?

मरोळनाका · रात्री २:२१
डे-क्लोज, दिवसाचे व्यवहार बंद करणारा जॉब. एरवी २० मिनिटांत संपतं. आत्ता लॉग काढला. ३१ तारखेच्या रात्री १२:२५ ला संपलंय.

जुनाडीबीए · रात्री २:३२
झालं तर मग. डे-क्लोजने २३:२० ची वेळ लावून ओळी बदलल्या, पण कमिट केलं (बदल पक्के करून इतरांना दिसू दिले) रात्री १२:२५ ला. तुमचं एक्स्ट्रॅक्शन १२ ला आलं, त्याला त्या बदललेल्या ओळी दिसणं शक्यच नव्हतं. गोदामाच्या रात्रपाळीची स्कॅनिंग तेवढी दिसली, म्हणून वॉटरमार्क २३:५९:५१ वर गेला. दुसऱ्या रात्री तुम्ही त्याच्यापुढचंच मागितलं. २३:२० वाल्या ओळी मागे राहिल्या त्या राहिल्याच. डे-क्लोजने हजारो चलनांना हात लावला असेल, त्यातल्या ज्यांना नंतर कोणी पुन्हा हात लावला ती आपोआप भरून आली. उरली ती २१४.

कळवा_खाडी · रात्री २:३६
मग ट्रिगरमध्ये नाऊ()च्या जागी क्लॉक_टाइमस्टॅम्प() टाका, मिटलं.

जुनाडीबीए · रात्री २:४१
नाही मिटत. ती वेळ ओळ बदलली त्या क्षणाची, कमिटची नव्हे. भोक लहान होईल, बुजणार नाही. जॉब १ वाजता ढकलूनही भागणार नाही, एखाद्या मार्चअखेरीला डे-क्लोज दीडपर्यंत जाईल. वॉटरमार्क आहे तसाच राहू द्या, पण वाचताना त्याच्या सहा तास मागून वाचा आणि वेअरहाऊसमध्ये चलन क्रमांकावर मर्ज करा (क्रमांक आधीच असेल तर ओळ बदला, नसेल तर नवी घाला). त्याच ओळी पुन्हा आल्या तरी बिघडत नाही. मागे जायचं अंतर तुमच्या सर्वांत लांब ट्रान्झॅक्शनपेक्षा मोठं हवं, एवढं सांभाळा.

घाटकोपरी · रात्री २:४८
की पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीत (पोस्टग्रेसच्या चालू कामांच्या यादीत) सर्वांत जुनं चालू ट्रान्झॅक्शन कधी सुरू झालं ते बघून वॉटरमार्क तिथेच थांबवावा? मला हे जास्त नेमकं वाटतं. ताई, वाचता कुठून, प्रायमरीवरून (मूळ सर्व्हरवरून) की रेप्लिकावरून (त्याच्या प्रतीवरून)?

मरोळनाका · रात्री २:५१
रेप्लिका.

घाटकोपरी · रात्री २:५३
मग राहू द्या. प्रायमरीवरची ट्रान्झॅक्शनं रेप्लिकाच्या त्या यादीत दिसत नाहीत. सहा तासच बरे.

मरोळनाका · पहाटे ४:३७
सहा तास मागे नेलं. वेअरहाऊस बिगक्वेरीवर (गूगलच्या क्लाउडवर) आहे. मर्ज लगेच पडलं, म्हणतं टार्गेटच्या एका ओळीला सोर्सची एकच ओळ जुळली पाहिजे. स्टेजिंग टेबलात (मर्जआधी ओळी ठेवायच्या तात्पुरत्या टेबलात) मी आधीच्या खेपांच्या ओळी पुसतच नव्हते, त्यामुळे एकच चलन दोनदा होतं. आता प्रत्येक चलनाची सर्वांत नवी ओळ रो_नंबरने (ओळींना क्रमांक लावून) निवडून तेवढीच मर्जला देते. ३१ तारखेची खेप पुन्हा चालवली, २१४ च्या २१४ आल्या. १५ तारखेची आता लावली आहे.

जुनाडीबीए · पहाटे ४:५०
छान. मर्जमध्ये आणखी एक अट घाला: आलेली ओळ आधीच्या ओळीपेक्षा जुनी असेल तर अपडेट करू नका. नाहीतर जुनी खेप पुन्हा चालवताना तुम्हीच ताजी चलनं मागे न्याल. आणि जोडणीच्या अटीत चलनाच्या तारखेचं पार्टिशन (टेबलाचा तारखेनुसारचा तुकडा) बांधा, नाहीतर रोज अख्खं टेबल स्कॅन होऊन बिल चढेल.

लॉगवाचक · सकाळी ७:१५
रद्द होऊन डिलीट झालेल्या चलनांचं काय? ती वेअरहाऊसमध्ये तशीच राहणार.

मरोळनाका · सकाळी ७:४०
आमच्याकडे चलन डिलीट होत नाही, स्टेटस 'रद्द' होतं. १५ तारखेचीही जुळली. निघते आता, ९ पर्यंत ऑफिस गाठायचं आहे. जुनाडीबीए, घाटकोपरी, मनापासून आभार.

नवखा_पनवेल · सकाळी ८:०५
माझ्या प्रश्नाचं कोणी सांगेल का?

जुनाडीबीए · सकाळी ८:३०
आधी एसक्यूएल. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.