मदत हवी आहे: आत्याच्या दोन जन्मदाखल्यांवर आईचे नाव वेगळे

वंशवेल: घराण्याची वंशावळ लिहिताना आत्याचे दोन जन्मदाखले हाती आले. जुन्या हस्तलिखित दाखल्यावर आईचे नाव सरस्वती आहे, तर नुकत्याच काढलेल्या संगणकीय दाखल्यावर पार्वती आहे. नोंदणी क्रमांकासह बाकी मजकूर सारखाच आहे. यांपैकी खरी नोंद कोणती? वंशावळ छपाईला द्यायची असल्याने कृपया लवकर सांगावे.

मोडीवाचक: जन्म कोणत्या वर्षीचा, गावातला की शहरातला? जुनी नोंद गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीत), असेल तर ती तहसील कार्यालयात शोधावी लागेल आणि कदाचित मोडी लिपीत असेल.

सह्याद्री_पुणे: प्रतिज्ञापत्र करून राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्या. आमच्या घरी असेच केले.

नोंदवही: राजपत्राचा येथे संबंध नाही, त्यांना नाव बदलायचे नसून आधी काय घडले ते समजून घ्यायचे आहे. वंशवेल, या दोन्ही स्त्रिया कोण?

वंशवेल: जन्म 1974 चा, नोंद ग्रामपंचायतीत. सरस्वती आजोबांची पहिली पत्नी, पार्वती दुसरी.

सह्याद्री_पुणे: मग शाळेचे जनरल रजिस्टर पाहा, तेच विश्वसनीय.

नोंदवही: तेथे पालकांनी सांगितले तेच लिहिले जात असे, अनेकांची जन्मतारीख 1 जून असण्याचे कारणही तेच. दाखला हा केवळ उतारा असतो, म्हणून मूळ नोंदवही पाहिली पाहिजे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 15 नुसार मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती लिहून त्याखाली निबंधकाने सही आणि तारीख घालायची असते. त्यामुळे दोन्ही नावे तेथे असायला हवीत आणि जुना दाखला दुरुस्तीपूर्वीचा असावा. कलम 17 नुसार नोंदवहीत शोध घ्यायला सांगता येते. समासासह नक्कल मागा. तपशिलातील चूक दुरुस्त करताना माहितगार अशा दोन विश्वासार्ह व्यक्तींचे निवेदन लागते, ते जोडपत्रांत जपलेले असल्यास माहितीच्या अधिकारात मागता येईल. निवेदन देणारे बहुधा नात्यातलेच निघतात.

मोडीवाचक: त्याच गावच्या मृत्यू नोंदवहीत सरस्वतीबाईंची नोंदही शोधा. त्या आत्याच्या जन्माआधीच वारल्या असतील, तर पार्वतीबाईच आई ठरतात आणि दुरुस्ती योग्य होती. त्या जन्मानंतर लवकरच गेल्या असतील, तर सावत्र आईने वाढवले म्हणून पुढे नाव बदलून घेतले असण्याची शक्यता मोठी आहे.

वंशवेल: त्या 1975 मध्ये वारल्याचे घरात सांगतात. सोमवारी दोन्ही नकलांसाठी अर्ज देतो. तोपर्यंत वंशावळीत आईचे नाव रिकामे ठेवतो.