वानरांचा बाप विष्ठेवरून ठरतो, पण इतक्या सहज नाही

सिद्धेश्वरपेठ: कालच्या पोस्टमधला दावा: सोलापूर परिसरातल्या टोळ्यांमागे वर्षानुवर्षं फिरायचं कारण नाही, झाडाखालची विष्ठा उचला, प्रयोगशाळेत द्या, नातं कळतं. वाचून संताप झाला. ती विष्ठा कुणाची? हुप्प्या कुठला, पिल्लू कुठलं हे ओळखणारा माणूस नसेल तर ‘नळी ४ चा बाप नळी ९’ एवढंच हाती लागेल. त्यात विष्ठेतला डीएनए तुटका. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक उमटलीच नाही, की खरा बाप बाद!

पीसीआरवाला: प्रत गळणार हे धरूनच काम करतात हो. एकच प्रत दिसली तर तीच चाचणी पुन्हा पुन्हा, सात वेळांपर्यंत. आई ठाऊक असलेली पिल्लं आधी तपासायची. प्रत्येक खुणेवर, म्हणजे डीएनएतल्या तपासायच्या ठरावीक जागेवर, आईची एक प्रत पिल्लात हवीच; नसेल तर चाचणीत घोळ आहे. नेपाळातल्या रामनगरला १९९९ मध्ये याच पद्धतीने दाखवलं की पिल्लांवर हल्ला करणारे नर त्यांचे बाप नव्हते. धारवाडला सुगियामा या जपानी वानर-अभ्यासकांनी साठच्या दशकात टोळी बळकावून पिल्लांवर हल्ला करणारा नर पाहिला, पण बाप कोण हे नजरेला कसं दिसणार?

माळरान: आधी नमुना टिकवायच्या अल्कोहोलचं बोला! जिल्हाभर साखर कारखाने, आणि विद्यार्थ्याला शुद्ध इथेनॉल हवं तर परवान्यासाठी खेटे. शेवटी पोरं डिनेचर्ड स्पिरिट, म्हणजे पिता येऊ नये म्हणून भेसळ केलेलं अल्कोहोल ओततात.

पीसीआरवाला: ते अजिबात नको, त्यातली भेसळ पुढे नडते. सुपारीएवढा, साधारण ५ ग्रॅम तुकडा, ३० मिली इथेनॉलमध्ये.

माळरान: म्हणजे ६० नमुन्यांना १.८ लिटर. आणि ज्वलनशील म्हणून कुरिअरवाला हात लावत नाही. नियम करणाऱ्यांनी एकदा उन्हात उभं राहून नमुना भरावा!

पीसीआरवाला: ओरडून काय होणार? इथेनॉलमध्ये फक्त २४ तास ठेवायचं. मग निथळून कोरड्या, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या नळीत, मध्ये टिश्यूचा थर. दाण्यांचा रंग पालटला की जेल बदला. पाठवताना द्रव नाहीच.

माळरान: बरं, कुरिअरचं सुटलं. परवान्याचं नाही.

सिद्धेश्वरपेठ: मूळ मुद्दा राहिलाच. बाप-पिल्लू मान्य, नाइलाजाने. पण १०-१२ खुणांवर सावत्र भावंडं आणि परके यांचे सारखेपणाचे आकडे एकमेकांत मिसळतात. तिथे आई कोण हे डोळ्यांनीच नोंदवावं लागतं.

पीसीआरवाला: ते खरं आहे. आणि टोळीबाहेर भटकणाऱ्या नरांचेही नमुने घ्या, नाहीतर आत दिसतो तो हुप्प्याच बाप धरला जाईल. पहाटे, प्राणी ओळखून, ताजी विष्ठा, वरचा चिकट थर, लघवी न लागलेली. मे महिन्यात ऊन चढल्यावर उचललेली घेऊच नका.